नटीच्या कव्हराखाली

तात्याच्या बायकोनं त्या मासिकाला हात लावला नाही. ती स्वयंपाकघरात गेली, दुधाचं भांडं उतरवायची पकड घेऊन आली, गादीचा कोपरा एका हातानं उचलला आणि दुसऱ्या हातातल्या पकडीनं मासिक बाहेर ओढलं. मेलेला उंदीर टाकायला न्यावा तसा हात लांब धरून ती बाहेरच्या खोलीत आली.

तात्या खुर्चीत बसून पायातले मोजे काढत होता. एक मोजा निघाला होता, दुसरा तसाच राहिला.

मासिकाच्या कव्हरावर एक नटी होती. ओले केस, उघडे खांदे, आणि नजर अशी की खोलीत कुठंही उभं राहा, ती आपल्याकडंच बघते.

"हे काय आहे?"

"मासिक."

"ते दिसतंय मला. या वयात?"

"वयाचा काय संबंध?"

"अहो, सून चादर बदलायला येते तिकडं! तिच्या हाती लागलं असतं तर मी कुठं तोंड लपवलं असतं?"

तात्यानं घसा खाकरला. अशा वेळी जगातले सगळे पुरुष जे सांगत आले आहेत तेच त्याच्या तोंडून गेलं. "अगं, त्यात लेख चांगले असतात."

बायकोनं पकड खाली केली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं निव्वळ आश्चर्य आलं.

"लेख?" ती म्हणाली. "तुम्हाला?"

जगात दुसऱ्या कुणालाही ही थाप चालली असती. या एका बाईला चालणार नव्हती, कारण तात्याला वाचता येत नाही हे घरीदारी तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"चित्रं बघायला अक्षर लागत नाही, ते कळतं मला," ती म्हणाली. "पण लेखाच्या नावावर तरी खपवू नका."

तिनं मासिक पकडीतूनच त्याच्या मांडीवर सोडलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. तात्या नटीकडं बघत बसला. नटी त्याच्याकडं बघत होती. बायकोला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलण्यापेक्षा म्हातारपणी चळलेला नवरा म्हणवून घेणं त्याला सोपं वाटलं.

नटी होती फक्त कव्हरापुरती. न्हाव्याच्या दुकानातल्या जुन्या सिनेमासाप्ताहिकाचं ते कव्हर तात्यानं मागून घेतलं होतं. त्याच्या आत, दोन पिना मारून नीट बसवलेलं, 'उजाडलं' नावाचं मासिक होतं. नव्यानं वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी निघणारं. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं.

तात्या बाटल्यांच्या कारखान्यात होता. भट्टीतून निवून आलेल्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत येत, मागं पांढरा दिवा असे, आणि काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला की ती बाटली बाजूला काढायची, हे त्याचं काम. काम डोळ्यांचं होतं, अक्षराचं नव्हतं, म्हणून निभलं. पण तात्या हुशार माणूस, बोलायची हौस दांडगी, आणि कँटीनमध्ये चार लोकांत बसायचं तर हातात पेपर हवा असं त्याच्या मनानं तरुणपणीच घेतलं. मग त्या नवराबायकोंनी एक रीत पाडली. सकाळी चहा उकळत असताना बायको पेपर मोठ्यानं वाचायची, तात्या दाढी करता करता ऐकायचा. कुठली बातमी कुठल्या पानावर, वर का खाली, फोटोच्या डावीकडं का उजवीकडं, तेही ती सांगायची. तोच पेपर काखेत मारून तो कारखान्यात जायचा, जेवणाच्या सुट्टीत उघडायचा, योग्य पानावर योग्य जागी नजर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा, पुन्हा पाणी तोडणार आहेत." त्याची स्मरणशक्ती अशी तल्लख की आकडासुद्धा चुकायचा नाही. कारखान्यात त्याला सगळे पेपरतात्या म्हणायचे. भांडण लागलं की निवाड्याला त्याच्याकडं यायचे. बायको बहिणीकडं गेली की मात्र तात्या हटकून आजारी पडायचा. त्याचं कारण कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एकदा बायकोचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. आणि त्याच सुमारास कामाची अशी घाई की रजा मिळेना. तात्या पेपर घेऊन तसाच गेला. कँटीनमध्ये उघडला. पहिल्या पानावर एका माणसाचा भला मोठा फोटो होता, हसून हात हलवणारा. तात्याला वाटलं, कसलंतरी उद्घाटन असेल.

"काय म्हणतो पेपर?" फिटरनं विचारलं. फिटर म्हणजे समोरच्या बाकावरचा, मशिनांची डागडुजी करणारा, कारखान्यात सगळ्यात तिखट जिभेचा माणूस.

"आज विशेष काही नाही," तात्या म्हणाला.

त्या दिवशी सरकार पडलं होतं. तो हात हलवणारा माणूस राजीनामा देऊन घरी निघाला होता.

फिटर मांडीवर थाप मारून हसला. "याला म्हणतात माणूस! सरकार पडलं तरी तात्याला विशेष वाटत नाही!" ती गोष्ट कारखानाभर झाली. तात्या केवढा पोचलेला माणूस आहे याचा दाखला म्हणून लोक ती सांगायला लागले. तात्या त्यांच्यासोबत हसला. पण त्याच आठवड्यात त्यानं सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चालणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात नाव घातलं. घरी सांगितलं, जादा काम आहे. बायकोनं उभ्या जन्मात कितीदा शिकवायला घेतलं होतं आणि कितीदा तो पाटी भिरकावून उठला होता. आता तिला सांगायचं तर पूर्ण येऊ लागल्यावरच, असं त्यानं ठरवलं.

वर्गातल्या बाईंनी 'उजाडलं'चा अंक हातात दिला तेव्हा तात्या खरं म्हणजे खूश झाला होता. पण कव्हर! पिवळंजर्द. खाली उगवता सूर्य. मधोमध शाईचा अंगठा, त्यावर लाल फुली. आणि बाजूला पाटी छातीशी धरून हसणारी आजी. पाटीवर 'अ'. पहिल्याच दिवशी बसमध्ये तो अंक उघडून बसला, तर शेजारचा कॉलेजातला पोरगा कव्हराकडं बघून उभाच राहिला. "बसा आजोबा, ऐसपैस बसा," तो मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, जणू तात्याला ऐकूही येत नव्हतं. "छान हं! शिका, शिका! शिकायला वय नसतं!" अख्खी बस वळून बघायला लागली. एका बाईनं तर हात जोडले. तात्या पुढच्या थांब्यावर उतरला आणि उरलेला रस्ता चालत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं न्हाव्याकडून नटी आणली. आता बसमध्ये शेजारचा माणूस मान वाकडी करून बघायचा, समोरची बाई तोंड फिरवायची. ते तात्याला चाललं.

पकडीच्या प्रसंगानंतर दोनएक दिवसांनी वर्गात एक पाहुणी आली. पंचविशीतली मुलगी, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर तिच्याहून मोठी पिशवी. बाईंनी ओळख करून दिली. ही 'उजाडलं'ची चित्रकार, मुखपृष्ठं हीच करते, आणि पुढच्या अंकावर आपल्या वर्गातलं कुणीतरी घ्यायचं आहे.

मुलीनं खोलीभर नजर फिरवली आणि ती तात्याच्या मिशीवर येऊन थांबली.

"काका, तुम्ही!" ती म्हणाली. "काय मिशी आहे! अशी मिशी कव्हरवर असली की लांबून दिसते." तिनं पिशवीतून नवीकोरी पाटी काढली, लाकडी चौकटीची. त्यावर खडूनं 'त' लिहिला. "ही अशी छातीशी धरा. आणि माझ्याकडं बघून हसा. दात दिसू देत."

तात्यानं पाटीकडं पाहिलं. "कैद्यांना धरायला लावतात तशी?"

वर्ग खोखो हसला. मुलगीही हसली, पण पाटी तिनं मागं घेतली नाही. "तसं नाही हो काका. कव्हरला फार थोडा वेळ मिळतो. माणूस चालता चालता बघतो. तेवढ्यात कळायला हवं, हे कुणाचं आहे. म्हणून पिवळा रंग, म्हणून सूर्य, म्हणून पाटी. चेहरा समोर बघणारा हवा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं आपल्याला हाक मारतोय. बरं, आधी सगळ्यांचा एक फोटो घेते. आपापला अंक वर धरा."

खोलीत एकदम चुळबुळ झाली. कुणी खाली वाकलं, कुणी पिशवीत हात घालून तसाच ठेवला.

"धरा ना," बाई म्हणाल्या.

मग एकेक अंक वर आला. शिंपीणबाईच्या हातात केकचं चित्र होतं, पाककृतींचं मासिक. टेम्पोवाल्याच्या हातात टायरच्या जाहिरातीचं चकचकीत पुस्तक. मागच्या बाकावरच्या धोब्यानं अंकाला खाकी कागदाचं वेष्टण घातलं होतं. आणि तात्याच्या हातात नटी.

मुलीनं कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. "माझं मासिक कुठंय?"

"आत आहे, बाळ," शिंपीणबाई म्हणाली आणि तिनं केक उलगडून दाखवला. खाली पिवळा सूर्य होता.

मुलगी बाकांमधून फिरली. एकेक कव्हर उचलून बघत गेली. नटी उचलून तिनं खालच्या पाटीवाल्या आजीकडं पाहिलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "मी त्या आजींच्या हसण्यावर आठवडा घालवला होता," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, लोक कव्हर भिंतीला लावत असतील."

तात्याला तिची दया आली, पण राग त्याहून मोठा होता आणि आता त्याला वाट सापडली होती. "पोरी, चित्र चांगलंय. त्या आजीचं मला काही वाईट वाटत नाही. पण तू म्हणतेस ना, कव्हर हाक मारतं? मारतं. चारचौघांत, भर बसमध्ये, बोट दाखवून मारतं. 'ए अंगठ्या!' अशी. नाव तरी बघ. उजाडलं! म्हणजे कालपर्यंत आमच्याकडं अंधार होता हे आधी सगळ्या गावाला सांगायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडून चष्मा आणला तर चष्म्यावर कुणी लिहितं का, 'हा माणूस धडपडत होता'?"

"टाळ्या!" टेम्पोवाला म्हणाला.

"गप्प बस. फुकट टाळ्या नकोत," तात्या म्हणाला. तो आता उभा राहिला होता. "आणि ती पाटी! पाटी लहान पोरांची. मी बाटलीतला केसाएवढा तडा बघतो. दोन पोरांची लग्नं केली. मला खडू देतेस आणि दात दाखव म्हणतेस? माझा फोटो काढायचा तर माणसाचा काढ. शिकलेल्या पोपटाचा नको."

बाई म्हणाल्या, "तात्या, बसा." तात्या बसला नाही.

मुलगी रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. पाटी बाकावर उताणी ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मग मला एक सांगा, काका. ज्याला अजून एक अक्षर येत नाही, त्याला मासिकातलं काय वाचता येतं? फक्त कव्हर. तेवढं एकच पान त्याचं असतं. त्यावर मी पाटी नाही काढली, अंगठा नाही काढला, तर दुकानात टांगलेल्या पन्नास मासिकांत हे आपलं आहे हे त्याला कळणार कसं? तुम्हाला बाईंनी हातात दिलं. ज्याला बाई नाहीत, त्यानं काय करायचं?"

टेम्पोवाला यावेळी टाळ्या म्हणाला नाही. पोरगी बरोबर बोलत होती. आपल्या माणसाला हाक तर मारायची, पण बसला ऐकू जाता कामा नये. अशी हाक कशी मारतात, हे तात्याला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही.

"विचार करा," ती म्हणाली. "मीही करते. पुढच्या आठवड्यात येते. पण फोटो मी तुमचाच काढणार. एवढं बोललात, आता सुटका नाही."

त्या संध्याकाळी बसमध्ये तात्यानं अंक बाहेर काढला नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. चळलेला म्हातारा म्हणून बायकोनं दोन दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं. ते त्यानं सोसलं होतं, पण 'मला येत नव्हतं, आता येतंय' हे तोंडातून निघत नव्हतं. चोरी केली होती का? कुणाचं काही बुडवलं होतं? लहानपणी शाळेऐवजी कामावर पाठवलं, ते काय त्यानं ठरवलं होतं? मग एवढी वर्षं मान खाली घालून कुणासमोर उभा होता तो? घरचा जिना चढेपर्यंत तात्याला स्वतःचाच असा संताप आला की त्यानं दार ठोठावलं ते मुठीनं.

बायकोनं दार उघडलं. "एवढं काय झालं?"

तात्यानं पिशवीतून मासिक काढलं. नटीच्या पिना नखानं उपटल्या. नटी जमिनीवर पडली. पिवळा अंक उघडून त्यानं दिव्याखाली धरला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागला. "वि-हि-रीचं पाणी... उकळून... प्यावं." एक श्वास घेतला. "उकळलेलं पाणी झा-कून ठेवावं."

बायको दाराची कडी हातात धरून उभी होती. तिनं खाली नटीकडं पाहिलं, मग अंकाकडं, मग नवऱ्याकडं.

"जादा काम," ती म्हणाली.

"हेच ते."

तात्याला वाटलं होतं ती डोळे पुसेल, निदान हसेल. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे सकाळी आता मी वाचायला नको."

हे तात्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "कोण म्हणतं?"

"तुम्हाला येतंय की."

"मला उकळलेलं पाणी येतंय. सरकार यायला वेळ आहे." तो तिच्यासमोर बसला. "आणि आलं तरी तू वाच. तुझ्या तोंडून वाईट बातमीसुद्धा बरी लागते."

"गोड बोलू नका." पण तिनं खाली वाकून नटी उचलली, यावेळी हातानं, आणि सपाट करून टेबलावर ठेवली. "ही बाई दोन दिवस माझ्या शिव्या खातेय बिचारी. मला सांगायचं सोडून हिच्या पदराआड कशाला लपलात?"

"हिला पदरच नाही."

तेव्हा मात्र ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "कारखान्यात ठाऊक आहे?"

"नाही."

"सांगणार?"

तात्या वाकून जमिनीवरच्या पिना वेचायला लागला.

पुढच्या आठवड्यात चित्रकार मुलगी आली ती पाटीशिवाय. फोटोही काढेना. नुसती मागच्या बाकावर बसली आणि वर्ग वाचत असताना बघत राहिली. वर्ग सुटल्यावर ती तात्याजवळ आली.

"काका, तुम्ही वाचताना बोट ओळीखाली ठेवता."

तात्यानं हात पटकन मागं घेतला. "बाई म्हणतात, ती सवय जाईल हळूहळू."

"जाऊ देऊ नका. निदान फोटो होईपर्यंत. तुम्ही सगळेच ठेवता. शिंपीणबाई, धोबी, सगळे. मी घरी जाऊन करून बघितलं. माझं बोट तिथं राहतच नाही."

"बोट नको," तात्या म्हणाला. "बोट म्हणजे पाटीच की."

"पाटी सगळ्या बसला कळते. बोट कुणाला कळेल?"

तात्या थांबला. त्याला आठवलं, पूर्वी एकदा स्टेशनवरच्या बाकावर एक हमाल कसलासा कागद वाचत होता, बोट एकेका शब्दाखाली सरकत होतं. येणारेजाणारे सगळे त्याच्यावरून नजर फिरवून गेले होते. तात्याची नजर मात्र त्या बोटावर खिळली होती. याला आत्ता आत्ता येतंय, हे त्याला दिसताक्षणी कळलं होतं.

"ज्याला कळायचं त्याला कळेल," तो सावकाश म्हणाला.

"आणि पिवळा काढून टाकते. सूर्य मावळवते. अंगठा गेला. कव्हरवर फक्त एक माणूस, वाचणारा."

"तुझ्याकडं बघून हसणारा?"

"ते नियमात आहे, काका. चेहरा समोर हवा."

"वाचणारा माणूस समोर बघतो का कधी? मी तुझ्याकडं बघितलं तर वाचतंय कोण?"

ती जरा वेळ कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. "ऑफिसात माझी खरडपट्टी निघेल," ती म्हणाली.

"निघू दे. माझीही निघणार आहे. फोटो कारखान्याच्या कँटीनमध्ये काढायचा."

"चालेल की. जेवणाच्या सुट्टीआधी येते, कँटीन रिकामं असेल तेव्हा."

"नाही," तात्या म्हणाला. "भरलेलं असेल तेव्हा."

ती आली त्या दिवशी भोंगा झाला आणि कँटीन नेहमीसारखं भरलं. लांब टेबलं, पत्र्याच्या ताटांचा खडखडाट, चहाच्या पिंपाजवळ रांग. तात्या आपल्या बाकावर बसला. काखेत पेपर नव्हता. त्यानं पिवळा अंक काढला, कव्हर न झाकता, आणि समोर उघडून धरला. मुलगी दोन बाकं सोडून कॅमेरा लावून बसली होती.

कारखान्यात कॅमेरा आला म्हटल्यावर लोक गोळा झालेच. फिटर ताट घेऊन समोर बसला. मान तिरकी करून त्यानं कव्हर पाहिलं.

"तात्या, हे कसलं रे मासिक? अंगठा, सूर्य..."

"ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं."

"मग तुझ्याकडं कसं?"

"मला येत नव्हतं म्हणून."

फिटर हसला. आजूबाजूचे हसले. पेपरतात्याचा विनोद म्हणून हसले. तात्या हसला नाही, आणि हसणं आपोआप विरत गेलं. चहाच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले.

"थट्टा करतोस," फिटर म्हणाला.

"नाही."

"अरे, मग इतकी वर्षं रोज पेपर कोण वाचत होतं?"

"बायको."

आता मात्र कँटीन फुटलं. ताटं वाजली, कुणीतरी शीळ घातली. फिटरनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "थांबा, थांबा! पेपर बायको वाचायची. बरं. आणि ती मतं? पाण्यावरची, पगारवाढीवरची, आमच्या भांडणांत दिलेली?"

"मतं माझी."

पुन्हा हशा पिकला. फिटर मात्र यावेळी पुरता हसत नव्हता. त्याचा चेहरा जरा उतरला होता. "आणि सरकार पडलं तेव्हा? विशेष काही नाही म्हणालास..."

"तिचा घसा बसला होता."

"अरे, मी ती गोष्ट माझ्या व्याह्याला सांगितलीय! सगळ्या लग्नघराला सांगितलीय! आम्हाला बनवलंस तू, तात्या."

तात्यानं डोकं वर केलं. "एक तरी बातमी खोटी सांगितली का? सांग. वाचता येत नव्हतं, खरंय. कोणी शिकवलं नाही, मग मी लाजून शिकलो नाही. आता शिकलोय. हे बघून कुणाला हसायचं असेल तर हसून घ्या, आत्ताच. उद्यापासून हसणाऱ्याला मी चहा पाजणार नाही."

"तू कधी पाजलास?" कोणीतरी मागून ओरडलं.

तात्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. फिटरनं हात लांब करून अंक ओढला, वर धरला. "अक्षरं बघा, अक्षरं! दुकानाच्या पाटीवर शोभतील अशी!" मग अंक परत टेबलावर टाकत तो म्हणाला, "बरं, येतंय ना? वाचून दाखव. मोठ्यानं. आम्हाला कळू तरी दे."

चहाच्या पिंपाची तोटी कुणीतरी बंद केली. मुलीचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. तात्याला वाचून दाखवता आलं असतं. उघडलेलं पान त्यानं घरी बायकोसमोर पुन्हापुन्हा वाचलं होतं, शेवटी एकाही ठिकाणी न अडखळता. पण सगळी माणसं ताटातला घास हातात धरून वाट बघत होती, पोर पाढे म्हणतंय का बघावं तशी.

"नाही," तो म्हणाला.

"का?"

"दाखवायला नाही वाचत मी."

त्यानं अंक आपल्याकडं सरळ केला. फिटरनं ओढल्यामुळं पान उलटलं होतं, भलतंच समोर आलं होतं, कधीच न वाचलेलं. तात्यानं ते परत फिरवलं नाही. वरच्या ओळीवर नजर टेकवली, बोट तिच्याखाली ठेवलं, सगळ्यांच्या देखत, आणि मनातल्या मनात वाचायला लागला. ओठ जरासे हलत होते. पहिल्या शब्दाला बोट अडलं, थांबलं, मग पुढं सरकलं. अवघड शब्द होता. कोणता, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

थोडा वेळ सगळे बघत राहिले. पण न ऐकू येणाऱ्या वाचनाकडं किती वेळ बघणार? एकेक ताट पुन्हा वाजायला लागलं. रांग पुढं सरकली. फिटर समोर बसून जेवत राहिला, मधेच त्या सरकत्या बोटाकडं बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि घास घ्यायचा.

कॅमेरा टकटक वाजत होता. शेवटी मुलगी उठून जवळ आली. "झालं, काका. मिळाला फोटो."

तात्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या हातानं तिला बसायची खूण केली.

"तुझं झालं असेल," तो म्हणाला. "माझं अर्धं पान राहिलंय."